आक्काच्या मानेवरची रेघ

चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

एकोणीसशे सदुसष्टच्या दिवाळीत माझी सख्खी मोठी बहीण सुरतेला माझ्या घरी राहून कॅन्सरचा उपचार घेत होती. मशीनचा शेक नेमका कुठे द्यायचा, यासाठी डॉक्टरांनी तिच्या मानेवर शाईने खूण काढली होती. ती खूण माझ्या हट्टापायी पुसली गेली. मग ती मी घरातल्या पेन्सिलीने, नुसत्या आठवणीवर, पुन्हा काढली. डॉक्टरांना सांगितलं नाही. बहिणीलाही खरं सांगितलं नाही.

एवढ्या चार ओळी लिहायला अकरा वर्षं लागली…

या सदरातले अनुभव मी वाचत आलो आहे, आणि खोटं कशाला बोलू, बरेचसे वाचून हसलोही आहे. मी सरकारी कचेरीत ट्रेसर आहे. जमिनीचे नकाशे ट्रेसिंग कागदावर उतरवायचे, हे माझं बावीस वर्षांचं काम. जे मोजता येतं ते काढायचं, जे मोजता येत नाही ते सोडून द्यायचं. भुतंखेतं, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणारे पितर, यातलं काही आमच्या घरात कुणी मानत असेल, मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही. पण मोजमाप मानतो. आणि या अनुभवात मी जे पाहिलं, ते फूटपट्टी लावून पाहिलं आहे. तिथेच माझी पंचाईत होते.

आम्ही तेव्हा सगरामपुऱ्यात राहत होतो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, मागे उघडी गच्ची, गच्चीच्या कोपऱ्यात न्हाणी. मी, माझी बायको सुमन, आणि दोन वर्षांची मुलगी. राज्यं वेगळी झाली तेव्हा बरेच मराठी लोक बदली मागून गेले. मी राहिलो, कारण खानदेशातलं आमचं गणगोत तापीच्या रेल्वेलाइनवर, आणि सुरतेहून ते जवळ.

आक्का नवापूरला दिलेली. दाजी शाळामास्तर, दोन लहान मुलं. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आक्का चौदाची. पुढचं सांगायला नको; मला आक्कानं वाढवलं. तिला मिश्रीची सवय होती. त्या वर्षी पावसाळ्यात जबड्याखाली डाव्या बाजूला गाठ आली. निदान झाल्यावर दाजींनी मुंबईचं नाव काढलं, तर आक्का म्हणाली, “मुंबईत आपलं कोण आहे? सुरतेला अरू आहे.” अरू म्हणजे मी, अरविंद.

सहा आठवड्यांचा शेक होता. रविवार सोडून रोज सकाळी टांग्याने इस्पितळात जायचं. मुंबईचे एक मोठे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी येत. त्यांनीच पहिल्या दिवशी आक्काच्या मानेवर जांभळ्या शाईने खूण काढली. आगपेटीएवढा चौकोन, मध्ये फुली. मापं त्यांनी आक्काच्या कार्डावर लिहिली. ते कार्ड इस्पितळातच राही. रोजचं मशीन चालवायचे रतिलालभाई. ते काही मापं घ्यायचे नाहीत. खुणेवर मशीन धरायचे, दार लावायचे आणि बाहेरून बटण दाबायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पाणी नहीं, तेल नहीं. निशानी भूंसाई जाय तो तरत कहेवानुं. जाते कंई करवानुं नहीं.” पुसली गेली तर लगेच सांगायचं, आपण आपलं काही करायचं नाही… एवढं गुजराती मला पक्कं कळत होतं.

न सांगण्याचं कारणही मला तिथेच मिळालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामरेजकडच्या एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलानं आणलं. खूण घामानं आणि पाण्यानं गेलेली. रतिलालभाईंनी पंधरावीस माणसांसमोर त्या मुलाला असं झापलं की मला त्याच्याकडे बघवेना. “घेर जाओ. मोठे डॉक्टर येतील तेव्हा या. तोवर शेक बंद.” तो पन्नाशीचा माणूस बापाचा हात धरून, खाली मान घालून पायऱ्या उतरला. मी आक्काला म्हणालो, “काय लोक असतात. एवढी साधी गोष्ट जपता येत नाही?”

आक्काचे सहा शेक झाले आणि दिवाळी आली. शेकाची खोली चार दिवस बंद राहणार होती. दिवाळीमुळे मोठ्या डॉक्टरांची फेरीही लांबली होती; ते त्यानंतर आठ दिवसांनी येणार होते.

नरकचतुर्दशीला पहाटे सुमननं बंब पेटवला. उटणं कालवलं. आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकून बसली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ती मुलांना सोडून दिवाळीत दुसरीकडे होती. आदल्या दिवशी धाकट्याचं कार्ड आलं होतं… “आई तू किल्ला बघायला कधी येशील.” ते तिनं चार वेळा वाचून घेतलं होतं माझ्याकडून.

“तुमचं होऊ दे,” ती म्हणाली. “मी बसते इथंच.”

“तू कोरडी बसणार आणि मी तेल लावून घेऊ?”

“अरे, डॉक्टरनं सांगितलंय ना.”

“मानेला नको म्हणालेत. डोक्याला कुठं नको म्हणालेत?”

सुमन आतून म्हणाली, “अहो, नको ते. एक वर्ष नाही केलं तर काय बिघडतंय?”

“मी मानेभोवती टॉवेल धरतो. रेघेला थेंब लागणार नाही.”

आक्का हसली. “मी नरकात जाईन म्हणून भितोस का रे? तिथंही रतिलालभाईच भेटेल बघ. पाणी नाही बेन, तेल नाही बेन.”

पण तिला हवं होतं. आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही. केसांच्या जटा झाल्या होत्या. मी आणखी दोनदा म्हणालो तशी ती उठली. गच्चीत पाटावर नेसत्या लुगड्यानिशी मान पुढे घालून बसली. सुमननं डोक्याला तेल घातलं तेव्हा तिनं डोळे मिटून असा सुस्कारा सोडला की मला वाटलं, चला, काहीतरी चांगलं केलं आपण. सुमन पाणी घालत होती आणि मी मागून टॉवेल घट्ट धरला होता. तेलाचं पाणी टॉवेलच्या आत उतरायला लागलं तसा मी तो आणखी दाबला. दाबून पुसलं. त्या दाबण्यानंच घात केला असणार.

टॉवेल काढला. त्याच्यावर जांभळा डाग होता. आक्काची मान स्वच्छ होती.

“झालं का रे नीट?” तिनं डोळे मिटूनच विचारलं.

“झालं,” मी म्हणालो.

सुमनच्या हातात तांब्या तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून तिला गप्प राहायला सांगितलं.

उजाडल्यावर मी आक्काला खिडकीत बसवलं. “जरा फिकट झालीय खूण, ठळक करून देतो.” ऑफिसची कॉपिंग पेन्सिल होती माझ्याकडे, पाणी लावलं की जांभळी उमटणारी. माझ्या हाताबद्दल मला गर्व होता, तोही सांगतो. एकदा पाहिलेला बांध मी नकाशा न बघता काढत असे. आक्काची खूण तर मी आठवडाभर रोज पाहत होतो. चौकोन काढला, फुली मारली. अगदी तशीच दिसली. मग सवयीनं फूटपट्टी लावली. कानाच्या पाळीच्या टोकापासून वरच्या रेघेपर्यंत पावणेदोन इंच. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आकडा टिपून ठेवला.

सुमननं मला चुलीपाशी गाठलं. “डॉक्टरांना सांगायचं.”

“दोन आठवडे शेक बंद ठेवतील. गाठ वाढली तर?”

“आणि तुमची रेघ चुकली असली तर?”

“माझी रेघ चुकत नाही.”

“मग पुसली कशी?” ती म्हणाली आणि करंज्यांकडे वळली. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आक्का खिडकीत तांदूळ निवडत होती. मी चहा घेत होतो. सहज तिच्या मानेकडे लक्ष गेलं आणि वाटलं, चौकोन वर दिसतोय. मान वाकवली म्हणून असेल. तरी राहवेना. तिला ताठ बसवलं, फूटपट्टी लावली.

सव्वा इंच.

“काय रे सारखी मोजणी चालवलीस?” आक्का म्हणाली. “सातबाऱ्यावर चढवतोस का मला?”

मी हसलो. काल मोजताना घाई झाली असणार, असं मनाला सांगितलं. पण पावणेदोन आणि सव्वा यांत अर्ध्या इंचाचा फरक आहे, आणि अर्धा इंच चुकणारा ट्रेसर आमच्या कचेरीत महिनाभरही टिकत नाही. ओल्या फडक्यानं ती खूण पुसली आणि पुन्हा माझ्या आठवणीतल्या जागी काढली. तीनदा मोजली. पावणेदोन. पेन्सिल टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला अडकवली.

पाडव्याला सकाळी उठल्याबरोबर आधी तिची मान पाहिली. सव्वा इंच.

मी सुमनला गच्चीत बोलावलं. “तू हात लावलास?”

“मी कशाला लावू?”

“खरं सांग.”

“मुलीची शपथ घेऊ का?” तिचा आवाज चढला. “तुमचं तुम्ही पुसलंत, आता माझ्यावर घालता?” मग ती एकदम थांबली. “म्हणजे काय… खूण हलली?”

मी पुन्हा आत गेलो आणि या वेळी भिंग घेऊन नीट पाहिलं. आक्काला म्हणालो, पुरळ आलंय का बघतो. आमच्या कामात एक खोड लागते. दोन रेघा कोपऱ्यावर मिळतात तिथं त्या एकमेकींच्या केसभर पुढे काढायच्या, म्हणजे कोपरा पक्का होतो. माझा हात आगपेटीचं चित्र काढतानाही तसंच करतो. आक्काच्या मानेवरच्या चौकोनाचे कोपरे मात्र बंद होते. रेघा मिळत होत्या आणि तिथंच थांबत होत्या. जरासे गोलसर. रंग माझ्याच पेन्सिलीचा होता. हात माझा नव्हता.

बाहेर गल्लीत गुजराती नवं वर्ष म्हणून लोक साल मुबारक म्हणत एकमेकांच्या घरी जात होते, घरमालकीण मंजुबेन मठियांच्या फराळाचं ताट घेऊन वर आल्या, आणि मी खोलीच्या मधोमध भिंग धरून उभा.

वाचणाऱ्याला वाटेल की इथं तरी माणूस शहाणा होईल. मी दुपारी ती खूण तिसऱ्यांदा पुसली आणि तिसऱ्यांदा माझ्या जागी काढली. का? कारण ती दुसरी रेघ बरोबर मानली तर माझी चूक ठरत होती. आणि माझी चूक ठरली तर इस्पितळात जाऊन सांगावं लागलं असतं.

भाऊबीजेच्या सकाळी मोजलं. पावणेदोन. खूण जागच्या जागी होती. कोपऱ्यांवर माझ्या रेघा केसभर पुढे गेलेल्या. इतकं हलकं वाटलं मला की सांगता येत नाही. आधीचे दोन दिवस मीच डोळ्यांनी चुकलो, असं ठरवूनही टाकलं. चांगली आंघोळ केली, नवा सदरा घातला.

दहाच्या सुमाराला आक्कानं पाट मांडला. खिडकीतून ऊन थेट पाटावर आलं होतं. सुमन मुलीला घेऊन बाजूला बसली. आक्कानं मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजन ओवाळायला लागली. तिची मान माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती, आणि मी तीन दिवस दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो म्हणा. खूण खाली होती. माझी होती. मी शपथेवर सांगतो.

तिनं तबक खाली ठेवलं. मी वाकलो आणि तिच्या पावलांवर दोन्ही हात ठेवून डोकं टेकवलं. वरून तिचा आवाज आला, “अं?”

“काय झालं, आक्का?” सुमननं विचारलं.

“काही नाही. मानेला गार लागलं एकदम.”

मी उठलो. खूण वर गेली होती. पाळीपासून सव्वा इंचावर, बंद कोपऱ्यांची, सुकलेली. खालच्या जागी माझ्या रेघेचा डागसुद्धा नव्हता. मी वाकून उठलो एवढाच वेळ मध्ये गेला होता, फार तर चार श्वास. आक्काचे दोन्ही हात माझ्या डोक्यावर होते. सुमनच्या मांडीत मूल होतं. मी सुमनकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनंही पाहिलं होतं.

“ओवाळणी काय घालतोस?” आक्का हसत म्हणाली. “राहू दे, तोंड बघा कसं केलंय. मला काही नको रे. एवढा शेक पुरा करून घरी सोड, झालं.”

मला मोजायची गरज नव्हती. तरी मोजलं. त्या दिवशी खुणेला पुन्हा हात लावायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यात मी एकच वाक्य मनात घोकत होतो. रतिलालभाई, निशानी भूंसाई गई हती. आक्का खुशीत होती. नवीन वर्षाचा बाजार, दारादारांतल्या रांगोळ्या दाखवत होती. इस्पितळाच्या बाकावर आमच्या आधी दोघे होते. ते आत जाऊन आले. मग रतिलालभाई बाहेर आले.

“साल मुबारक, बेन. चलो.” त्यांची नजर आक्काच्या मानेवर थांबली. “आ शाही जुदी लागे छे.” शाई वेगळी वाटते, असं म्हणून ते माझ्याकडे बघायला लागले.

बोलायची वेळ ती होती. माझ्यामागे पाचसहा माणसं बसली होती. कामरेजचा तो मुलगा मला आठवला, त्याची खाली गेलेली मान आठवली.

“उजेडामुळे असेल,” मी म्हणालो.

रतिलालभाईंनी खांदे उडवले आणि आक्काला आत नेलं. जाड दार बंद झालं. वरचा लाल दिवा लागला. सात मिनिटं तो दिवा लागलेला असे. त्या सात मिनिटांत मला पहिल्यांदा नीट कळलं की मी काय केलं आहे. मी माझ्या बहिणीला एका रेघेच्या हवाली केलं होतं, आणि त्या रेघेबद्दल मला एवढीच खात्री होती की ती मी काढलेली नाही. दार वाजवावं म्हणून दोनदा उठलो. दोनदा बसलो. दिवा विझला. आक्का पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, “चल. भूक लागली.”

असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत खूण एकदाही हलली नाही. मी जेवत नव्हतो, सुमन माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी आक्काचं कार्ड काढलं, पितळी पट्टी तिच्या मानेला लावली. मी त्यांच्या खांद्यावरून कार्डाकडे पाहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, पाळीपासून वरची कड, सव्वा इंच.

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले. “अगदी जशी काढली तशी.” मग ते बाकाकडे वळले. कामरेजचा तो म्हातारा आणि त्याचा मुलगा नवी खूण काढून घ्यायला आले होते. डॉक्टर त्या मुलाला म्हणाले, “हे बघा, दिवाळी यांच्याही घरी झाली. खूण अर्धा इंच खाली असती तर निम्मी गाठ शेकाबाहेर राहिली असती, आणि शेक नको तिथं पडला असता. शिका यांच्याकडून.” आणि आक्काला विचारलं, “कोण बघतं खुणेकडे?”

“माझा भाऊ,” आक्का म्हणाली. “नकाशे काढतो ना तो.”

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थोडं वाकून नमस्कार केला. त्या मुलानंही मला नमस्कार केला. तो मी घेतला.

आक्का बरी झाली. डिसेंबरात नवापूरला गेली. आवाज जरा बसका राहिला, तोंडाला कोरड पडते, पण गाठ गेली ती पुन्हा आली नाही. दरवर्षी एकदा तपासायला ती सुरतेला येते. आणि दरवर्षी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते… अरूनं माझी खूण जपली म्हणून मी आहे. लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं, दाजींच्या शाळेतल्या मास्तरांना सांगितलं. मी दर वेळी उठून पाणी प्यायला जायचो. लोक म्हणायचे, लाजतो.

या अकरा वर्षांत मी सगळ्या शक्यता तपासल्या. आक्कानं स्वतः काढली म्हणावं, तर तिला माप ठाऊक नव्हतं, डॉक्टरांची खूण गेल्याचं ठाऊक नव्हतं, आणि पेन्सिल कुलपात. मान हलली की कातडी सरकते म्हणावं, तर तेही माझ्या स्वतःच्या मानेवर रेघ काढून पाहिलं. फार तर सूत-दोन सूत, म्हणजे पाव इंचाच्या आत फरक पडतो. आणि कातडी सरकली तरी कोपरे कसे बदलतील? भाऊबीजेला माझ्याबरोबर सुमननं पाहिलं, म्हणजे नुसता माझा भास म्हणता येत नाही. सुमनचं मत ठरलेलं आहे. “सासूबाई होत्या. पोरीची मान तुमच्या हाती सोडवेना त्यांना.” मी तिला हो म्हणत नाही. नाही म्हणायला माझ्याकडे काही नाही. विज्ञान जाणणाऱ्या कुणा वाचकाला यातून वाट दिसत असेल तर मला जरूर कळवावी.

या वर्षी फेब्रुवारीत आक्का तपासायला आली. रतिलालभाई निवृत्त झालेत, बाकडी तीच आहेत. शेजारी नंदुरबारकडचा एक तरुण बसला होता, पंचवीस-सव्वीसचा, मिलमध्ये काम करणारा. त्याच्या बायकोच्या गालाखाली नुकतीच खूण काढली होती आणि ती पदर लागू नये म्हणून मान वाकडी करून बसली होती. आक्कानं तिच्याशी अहिराणीत बोलणं काढलं आणि मग माझी गोष्ट सुरू केली. त्या तरुणानं सगळी ऐकली. मग तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

“दादा, तुम्ही कसं जपलं ते मला सांगा ना. माझ्याकडून पुसली गेली तर?”

त्याचे डोळे बघून माझ्या तोंडून एकदम निघालं, “पुसली तर लगेच आत जाऊन सांग. चारचौघांत शिव्या घालतील. खा. घरी काही करू नकोस.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली. तिचं नाव पुकारेपर्यंत वेळ होता. मी तिला म्हणालो, “जरा बाहेर चल.” व्हरांड्याच्या टोकाला सायकली लावतात तिथं उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. टॉवेल, पेन्सिल, पावणेदोन, सव्वा. भाऊबीज. रतिलालभाईंनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, तेही.

आक्का म्हणाली, “अरे, पण तू तर रोज पहाटे काढत होतास.”

“कधी?”

“लक्ष्मीपूजनाला. पाडव्याला. मला अर्धवट जाग असायची. तू उशाशी बसायचास, हनुवटी धरून मान वळवायचास आणि हळूच रेघ ओढायचास. मी मुद्दाम डोळे उघडले नाहीत. म्हटलं, याला वाटतंय मी झोपलेय, काम करू दे सुखानं.” तिनं आपल्या मानेवर बोटं ठेवली. “इतका हलका हात होता, अरू. म्हणून तर मी सगळ्यांना सांगते ना.”

तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

“मी तीनदाच काढली, आक्का,” मी म्हणालो. “तिन्ही वेळा तू खिडकीत बसली होतीस, जागी होतीस. पहाटे मी तुझ्या खोलीत आलो नाही.”

“मग कोण होतं?”

“मला माहीत नाही.”

आतून तिचं नाव पुकारलं. ती हलली नाही. माझ्याकडून अजून काहीतरी यायचं राहिलंय, हे तिला कळलं असावं. लहानपणी मी काही मोडलं की ती अशीच थांबून राहायची, रागावायची नाही, नुसती थांबायची.

मी तिथंच खाली वाकलो आणि तिचे पाय धरले. लोक बघत होते.

“आक्का, तो हात माझा नव्हता. मला चारचौघांतल्या शिव्यांची भीती वाटली, आणि त्या भीतीपायी मी तुला चुकीच्या रेघेवर झोपवायला निघालो होतो. माझं चुकलं. अकरा वर्षं तू माझं नाव घेत होतीस आणि मी घेऊ दिलं, तेही चुकलं. मला क्षमा कर.”